हे ठीक दिसतंय ना?

शनिवारी रात्री साडेअकरा वाजता, सगळं जग झोपायच्या तयारीत असताना, ज्या माणसाला "चला, आता सर्व्हर अपग्रेड करू" असं वाटतं तो एक तर अविवाहित असतो किंवा मूर्ख. मे २०२१ मध्ये मी दोन्ही होतो. (पैकी एक गोष्ट नंतर बदलली. कोणती ते बायको सांगेल. :-))

सर्व्हर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. सातारच्या घरी माझा कॉलेजातला जुना डेस्कटॉप पडून होता. त्यात दोन डिस्क टाकल्या, झेडएफएसचा मिरर केला आणि फ्रीबीएसडी बसवलं. लिनक्स का नाही, असं विचाराल तर खरं कारण असं की ऑफिसातल्या एका सिनियरने फ्रीबीएसडीचं इतकं कौतुक केलं होतं, की ते न बसवणं मला कमीपणाचं वाटायला लागलं. बाकी तात्त्विक कारणं नंतर सुचली. घरच्या राउटरवर व्हीपीएन होतं, त्यामुळे पुण्यात बसून एसएसएचने मी त्या मशीनवर वाट्टेल तेव्हा जाऊ शकत होतो. मॉनिटर, कीबोर्ड सगळं काढून माळ्यावर.

त्यावर माझी गाणी होती, घरचे फोटो होते आणि बाबांची वही होती.

ही वही म्हणजे काय ते सांगायला हवं. बाबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे प्रुफं तपासायचे. पस्तीस वर्षं. त्या पस्तीस वर्षांत जो जो शब्द अडला तो त्यांनी एका वहीत लिहून ठेवला. ऱ्हस्व की दीर्घ, अनुस्वार आहे की नाही, १९६२ च्या नियमांआधी कसा लिहायचे आणि नंतर कसा, कोणता लेखक कशासाठी भांडला होता. एकाच्या पाच वह्या झाल्या. लॉकडाऊनमध्ये मी त्यांना लॅपटॉपवर मराठी टायपिंग शिकवलं आणि ते रोज सकाळी दोन तास बसून त्या वह्या टाइप करायला लागले. फाइल थेट सर्व्हरवर सेव्ह व्हायची. मे महिन्यापर्यंत साडेचार हजार शब्द झाले होते. आणि त्या फाइलची पुण्यातली माझ्याकडची कॉपी होती मार्चची. :-(

आता त्या रात्रीकडे वळू. फ्रीबीएसडी १३.० हे १३ एप्रिल २०२१ ला आलं होतं. माझ्याकडे १२.२ होतं आणि त्याला ३१ मार्च २०२२ पर्यंत सपोर्ट होता. म्हणजे गरज काहीही नव्हती. हौस होती.

ज्यांना या भानगडीतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिक्ससारखी सिस्टिम अपग्रेड करायचे दोन रस्ते. पहिला, सोर्स कोड आणा आणि सगळी सिस्टिम आपल्या मशीनवर कंपाइल करा. घरी गहू निवडून, दळून पोळ्या करण्यासारखं. जुन्या मशीनवर यात अख्खी रात्र जाते. दुसरा रस्ता, दुसऱ्या कोणीतरी आधीच कंपाइल करून ठेवलेल्या तयार बायनरी आणायच्या आणि जुन्याच्या जागी बसवायच्या.

फ्रीबीएसडीत हा दुसरा रस्ता तयार केला कॉलिन पर्सिव्हल या माणसाने, २००३ च्या सुमारास. तेव्हा तो ऑक्सफर्डला डॉक्टरेट करत होता. त्याच्यापुढचा प्रश्न मोठा मजेदार होता. सोर्समध्ये चार ओळी वाढल्या की कंपाइल झालेल्या फाइलमध्ये पुढचे सगळे पत्ते सरकतात. बदल चिमूटभर, पण फाइल सगळीच वेगळी दिसते. मी हे बाबांना नंतर सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे मध्येच एक परिच्छेद घातला की पुढचे सगळे पानांचे आकडे सरकतात आणि शेवटची सूची पुन्हा करावी लागते, तसं." अगदी तसं. पर्सिव्हलने बीएसडिफ नावाचा प्रोग्राम लिहिला, जो हे सरकणं ओळखतो आणि खरोखर बदललं तेवढंच पॅचमध्ये ठेवतो. त्यामुळे संपूर्ण फाइलऐवजी छोटासा पॅच उतरवून घेतला की काम भागतं. त्याचं फ्रीबीएसडी-अपडेट हे हत्यार २००७ च्या ६.२ पासून मूळ सिस्टिममध्येच येतं.

ही झाली मूळ सिस्टिम. तिच्यावर आपण बसवलेली पॅकेजेस, म्हणजे सांबा, आरसिंक वगैरे, यांचं खातं वेगळं. ते पीकेजी सांभाळतो.

तर मंडळी, मी कमांड दिली. पॅच उतरायला लागले. स्क्रीनवर १०, २०, ३० असे आकडे पळत होते. मी चहा केला. परत आलो तर प्रश्न सुरू झाले होते.

हे प्रश्न येतात ईटीसी फोल्डरमधल्या फाइलींबद्दल. बायनरी फाइल बदलायला कोणाला विचारायची गरज नाही, ती तुम्ही हाताने बदललेली नसते. पण सेटिंगच्या फाइलींमध्ये तुम्ही लुडबुड केलेली असते. मग तीन प्रती होतात. जुन्या आवृत्तीची मूळ फाइल, नव्या आवृत्तीची मूळ फाइल आणि तुमची. प्रोग्राम तिन्ही समोर ठेवून नवे बदल तुमच्या फाइलमध्ये बेमालूम मिसळायचा प्रयत्न करतो, काय बदललं ते दाखवतो आणि अत्यंत सभ्यपणे विचारतो, "डज धिस लुक रिझनेबल?" हे ठीक दिसतंय ना?

त्या काळी जवळपास प्रत्येक फाइलच्या डोक्यावर आवृत्तीची एक ओळ असायची आणि प्रत्येक अपग्रेडला ती बदलायची. (१४ मध्ये या ओळी काढून टाकल्या. देव त्यांचं भलं करो.) त्यामुळे व्हायचं काय, की फाइलीमागून फाइली यायच्या आणि बदल फक्त त्या एका बिनकामाच्या ओळीचा. हे ठीक दिसतंय ना? वाय. हे ठीक दिसतंय ना? वाय. दहाव्या फाइलला माणूस वाचणं सोडून देतो. बोटाला सवय लागते.

मध्येच एक फाइल अशी आली की जी आपोआप मिसळता येत नव्हती. एसएसएचची. मी त्यात पोर्ट बदलला होता, पासवर्ड बंद केले होते आणि नेमक्या त्याच्या शेजारच्या ओळी नव्या आवृत्तीतही बदलल्या होत्या. प्रोग्रामने सांगितलं, एंटर दाबा, एडिटर उघडतो, भांडण तुम्हीच मिटवा. व्हीआय उघडला. मी म्हटलं हे काय आता मध्येच, दोनदा कॅपिटल झेड दाबला आणि बाहेर. नंतर परत तोच सभ्य प्रश्न. वाय.

पुढचं सगळं शिस्तीत केलं, हे मुद्दाम सांगतो. आधी नवा कर्नल बसवला, रिबूट केलं, मशीन आलं. मग बाकीची सिस्टिम बसवली. अपग्रेडच्या मध्ये कोणी फाइल उघडू नये म्हणून सांबा आधीच बंद ठेवला होता. रात्री पाऊण वाजता दुसरं रिबूट दिलं.

मशीन आलं. पिंगला उत्तर येत होतं. एसएसएच मात्र म्हणे, कनेक्शन रिफ्यूज्ड. पाच मिनिटं थांबलो, रिफ्यूज्ड. दहा मिनिटं, रिफ्यूज्ड. म्हणजे घरात दिवा चालू आहे, आत माणूस हलताना दिसतोय, पण दार काही उघडत नाही.

एरवी सकाळची पहिली एसटी पकडून सातारा गाठलं असतं. पण ती करोनाची दुसरी लाट होती, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता आणि "सर्व्हरचं दार उघडत नाही" हे कारण पोलिसांना पटलं असतं असं मला वाटत नाही. त्या रात्री मी झोपलो नाही. डोक्यात एकच हिशोब चालू होता. मार्च ते मे, रोज दोन तास, एका बोटाने टाइप केलेलं.

सकाळी सहाला फोन केला. बाबा उठलेले असतातच.

"बाबा, माळ्यावरचा मॉनिटर काढायला लागेल."

"का रे? बिघडलं का काही?"

"नाही, म्हणजे... थोडंसं."

दोन सेकंद शांतता. मग, "माझी वही आहे ना रे त्यात?"

"आहे. आहे म्हणजे असणार. आधी बघू या."

मागून आई म्हणाली, "तरी मी सांगत होते, चालतंय त्याला हात लावू नये." हे वाक्य आमच्या धंद्यातले मोठमोठे लोक कॉन्फरन्समध्ये सांगतात, आई फुकट सांगते.

मॉनिटर जोडला गेला. व्हिडिओ कॉल लावून पाहिला, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्या स्क्रीनवर नुसते पट्टे दिसत होते. मी म्हटलं, बाबा, जे दिसतंय ते जसंच्या तसं वाचा. आणि बाबांनी वाचायला सुरुवात केली. मंडळी, मी आजवर कित्येक सपोर्ट कॉल घेतले आहेत. "काहीतरी एरर आली होती, मी ओके केलं" या पलीकडे माणसं जात नाहीत. बाबा वाचत होते, "तिरकी रेघ, ई टी सी, तिरकी रेघ, एस एस एच, तिरकी रेघ, एस एस एच डी, खालची रेघ, कॉन्फिग, विसर्गचिन्ह, लाइन चौदा, विसर्गचिन्ह, बॅड कॉन्फिगरेशन ऑप्शन, विसर्गचिन्ह. मग 'पेक्षा लहान'चं चिन्ह. सात वेळा."

"किती वेळा?"

"सात. दोनदा मोजली."

मला घाम फुटला आणि त्याच क्षणी हायसंही वाटलं. सात वेळा 'पेक्षा लहान', म्हणजे <<<<<<<, ही त्या न मिटवलेल्या भांडणाची खूण. इथपासून तुमचं, इथपासून नवीन, काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, असं प्रोग्रामने त्या फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. मी ते तसंच सेव्ह केलं, वर "ठीक दिसतंय" असंही सांगितलं. एसएसएचने ती फाइल उघडली, चौदाव्या ओळीवर हा कचरा पाहिला आणि सुरू व्हायला नकार दिला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

मी बाबांना हे समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे प्रूफ न वाचताच 'छापावे' लिहून सही केलीस होय?"

यावर काय बोलणार?

सुदैवाने एक गोष्ट मी नीट केली होती. त्याच सिनियरने बजावलं होतं, जाण्याआधी परतीचं तिकीट काढ. झेडएफएस असेल तर अपग्रेडच्या आधी संपूर्ण सिस्टिमची त्या क्षणाची प्रत काढता येते, तिला बूट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. एका कमांडचं काम, पाच सेकंद. नवीन सिस्टिम रुसली तर मशीन चालू होताना जुनी निवडायची.

पण ते निवडायचं बाबांनी. मशीन चालू होताना जो मेनू येतो तो दहा सेकंद थांबतो. पहिल्या वेळी बाबा चष्मा पुसेपर्यंत दहा सेकंद संपली. दुसऱ्या वेळी स्पेसबार दाबून थांबवला. बूट एन्व्हायर्नमेंट्स लिहिलंय त्याच्या आधीचा आकडा दाबा, आता अ‍ॅक्टिव्ह लिहिलंय त्याचा आकडा, पुढचं नाव बदलेपर्यंत दाबा...

"बदललं. पण इथे 'परात' का लिहिलंय?"

"परात नाही बाबा, परत. मीच नाव दिलंय, इंग्रजी अक्षरांत."

"म्हणून सांगतो देवनागरीत लिहावं."

एंटर दाबायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, "मागे गेलो की काल टाइप केलेले शब्द जातील का?" हा प्रश्न आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या निम्म्या मुलांना सुचत नाही. उत्तर होतं, नाही. परतते ती फक्त सिस्टिम आणि तिच्यावरची पॅकेजेस. होम फोल्डर वेगळ्या डेटासेटवर असतो, त्याला धक्का लागत नाही.

दोन मिनिटांनी पुण्यातून एसएसएच लागलं. सगळ्यात आधी वहीची फाइल पुण्याला ओढली, मगच बाकीचं. नवी सिस्टिम बाजूला माउंट करून ती चौदावी ओळ आणि तिच्या भावंडांचं भांडण मिटवलं, परत नवी सिस्टिम चालू केली, आणि या वेळी आली.

त्यानंतर पॅकेजेस. इथे एक गोम आहे, ती सांगून ठेवतो. मोठी आवृत्ती बदलली, १२ ची १३ झाली, की आधीची सगळी पॅकेजेस नव्यासाठी बांधलेली पुन्हा आणावी लागतात. जुनी पॅकेजेस जुन्या लायब्ररींवर उभी असतात. फ्रीबीएसडी-अपडेट त्या लायब्ररी लगेच काढत नाही, शेवटच्या तिसऱ्या 'इन्स्टॉल'ला काढतो. म्हणून क्रम असा: कर्नल, रिबूट, बाकीची सिस्टिम, सगळी पॅकेजेस जबरदस्तीने नवी, आणि मगच ती शेवटची साफसफाई. क्रम चुकला तर एकेक प्रोग्राम "लायब्ररी सापडत नाही" म्हणून रडायला लागतो. त्यात खुद्द पीकेजीही असू शकतो, म्हणजे दुरुस्त करणाराच आजारी. त्यासाठीच पीकेजी-स्टॅटिक नावाची त्याची एक प्रत असते, जी कोणत्याही बाहेरच्या लायब्ररीवर अवलंबून नसते. आणि शेवटचं, झेडपूल अपग्रेड करा असं सिस्टिम सुचवते ते लगेच करू नका. पूल नवा झाला की जुन्या सिस्टिमला तो वाचता येईलच असं नाही. तिकीट फाडल्यासारखं आहे ते.

असो.

यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक, वहीची कॉपी रोज रात्री पुण्याला येते. दुसरी गोष्ट गेल्या दिवाळीतली, म्हणजे ऑक्टोबर २०२५ ची. मशीनवर १३.५ होतं. १३ च्या शाखेची मुदत ३० एप्रिल २०२६ पर्यंतच ठरलेली होती, त्यामुळे या वेळी खरंच गरज होती. मी १४.३ वर जायचं ठरवलं, पण पुण्यातून नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सातारला, मॉनिटर जोडून, बाबांच्या शेजारी बसून.

बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर नीट दिसत नाही. मग त्यांनीच पद्धत सांगितली. छापखान्यात दोघं बसायचे. एक मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामासकट, दुसरा प्रुफावर बोट ठेवून ऐकायचा. तशी मी वाचायला सुरुवात केली. प्रत्येक फाइल, प्रत्येक ओळ. उणे चिन्ह म्हणजे जाणारी, अधिक म्हणजे येणारी.

पासवर्डच्या फाइलवर भांडण निघालं. मी रूटच्या दोन्ही ओळी वाचल्या.

"थांब," बाबा म्हणाले. "पहिल्यात शेवटी सी एस एच होतं. दुसऱ्यात नुसतं एस एच. 'सी' गळलाय की मुद्दाम काढलाय?"

मुद्दाम काढला होता. १४.० पासून रूटचा शेल सीएसएचऐवजी एसएच झाला, रिलीज नोट्समध्ये तसं लिहिलंय. पण मी ते त्यांच्या प्रश्नानंतर शोधलं, आधी नाही.

"आणि पहिल्या ओळीत मध्ये तू बरंच काहीतरी लांबलचक वाचलंस. दुसऱ्यात ती जागा रिकामी?"

तो माझा पासवर्ड होता, गुप्त रूपात. नव्या मूळ फाइलमध्ये ती जागा रिकामीच असते. कंटाळून नवी ओळ तशीच घेतली असती तर माझ्या मशीनचा रूट पासवर्डशिवाय उघडा राहिला असता. मी पासवर्ड जुना ठेवला, शेल नवा घेतला आणि ओळ पुन्हा वाचून दाखवली.

"आता हा चार्ली कोण?" बाबांनी विचारलं. रूटच्या ओळीत पूर्ण नावाच्या जागी 'चार्ली &' असतं. त्या & च्या जागी लॉगिनचं नाव धरायचं, म्हणजे झाला चार्ली रूट. या नावाचा एक बेसबॉल पिचर अमेरिकेत होऊन गेला. इतकी वर्षं ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती एकदाही वाचली नव्हती.

सगळं वाचायला पाऊण तास लागला. पॅच उतरायला, पॅकेजेस यायला मिळून त्याहून कमी. मशीन पहिल्या रिबूटला आलं, दुसऱ्यालाही आलं. आईने चिवडा आणून ठेवला आणि विचारलं, "झालं का तुमचं पारायण?"

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. बायनरी अपग्रेडमध्ये कष्टाचं सगळं काम दुसऱ्यांनी केलेलं असतं. कोणीतरी कंपाइल केलंय, कोणीतरी सही करून दिलंय, पॅच इतका लहान केलाय की मोबाइलच्या डेटावरही उतरतो. डिसेंबर २०२५ च्या १५.० मध्ये तर मूळ सिस्टिमही पीकेजीच्याच पॅकेजेसनी बसवायचा पर्याय आला आहे, म्हणजे काम आणखी सोपं. आपल्या वाट्याला उरतं ते फक्त वाचणं. आणि नेमकं तेवढंच आपण करत नाही. मी तर दिवसातून दहादा करत नाही. ऑफिसात दुसऱ्याचा कोड तपासायला येतो तेव्हा खाली 'लुक्स गुड' लिहितो ना, त्यातले किती खरंच वाचलेले असतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

वही आता अकरा हजार शब्दांच्या पुढे गेली आहे. दिवाळीहून निघताना बाबांनी विचारलं, अपग्रेड तो, ती की ते? मी म्हटलं, आम्ही तर काहीही म्हणतो. त्यांनी तो शब्द वहीत घातला आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं. अडलेलं असेल तर तसं लिहून ठेवायचं, न वाचता सही करायची नाही, असं ते म्हणाले.

तुम्ही काय म्हणता? तो, ती की ते? कळवा, मी फोनवर सांगतो त्यांना.